पिंपळीचा अर्क आणि वऱ्हाडचे ताट

परतवाडा हे मेळघाटचे दार आहे. सातपुड्याच्या रांगांतून उतरणारा साग आणि बांबू याच दाराने खाली येतो, आणि त्याच्याबरोबर मोह, चारोळी, आवळा, बेहडा, डिंक असा सगळा रानमेवाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला असे गाव फार सोयीचे असते. 'सीमांत उपयोगिता' म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी त्याला पाठ्यपुस्तकातल्या सफरचंदांकडे जावे लागत नाही. दाराच्या पलीकडे कुपोषणामुळे देशभर नाव झालेला मुलूख आहे, आणि अलीकडे, बाजारपेठेतील औषधांच्या दुकानांत, 'चरबी घटविणारी' चूर्णे, गोळ्या आणि अर्क यांच्या रंगीत बाटल्यांची रांग वर्षागणिक लांबत चालली आहे. या बाटल्यांतला बराचसा माल वनस्पतिजन्य असतो. त्यांपैकी पुष्कळांत त्रिफळा असतो, आणि त्रिफळ्यातला आवळा व बेहडा हे तर मेळघाटच्या रानचेच रहिवासी आहेत. भुकेल्या डोंगरातून उतरलेले फळ खालच्या गावात आल्यावर अति खाण्याचे औषध बनते, हा प्रवास तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रश्न नुसत्या चेष्टेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष स्थूल वा अतिवजनाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. शिक्षक, कारकून, दुकानदार अशा खुर्चीवर बसून पोट भरणाऱ्या वर्गात मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोहोचले आहेत. अशा वेळी 'रानातल्या पाल्याने वजन उतरते' असे कोणी सांगितले, तर ते ऐकावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ऐकण्यापूर्वी ते कोणी, कोणावर प्रयोग करून सांगितले, हे विचारले पाहिजे.

बहुतेक वेळा ते उंदरांवर प्रयोग करून सांगितलेले असते. 'आहारजन्य स्थौल्य' हा शब्द आज शास्त्रीय नियतकालिकांत सर्रास आढळतो. त्याचा मूळ अर्थ प्रयोगशाळेतील एक ठरीव कृती असा आहे. विशिष्ट जातीच्या उंदरांना काही आठवडे असे खाद्य घालावयाचे की त्यातील सुमारे ६० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून यावी. उंदीर फुगतात, त्यांच्या रक्तातली साखर चढते, यकृतात चरबी साठते. मग निम्म्या उंदरांना एखाद्या वनस्पतीचा अर्क द्यावयाचा आणि उरलेल्यांशी तुलना करावयाची. अर्क घेतलेले उंदीर थोडे हलके भरले की निबंध तयार होतो. या ठरीव खाद्यात मुख्य स्निग्धांश डुकराच्या चरबीचा आणि थोडा सोयाबीनच्या तेलाचा असतो. वऱ्हाडातल्या ज्या शेतांत एके काळी ज्वारीची कणसे डुलत, तेथे आज सोयाबीन उभे आहे, हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या पिंजऱ्याची थोडी ओळख पटल्यावाचून राहणार नाही.

पिंजऱ्यातून माणसापर्यंतचा रस्ता किती निसरडा आहे, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन या दोन शास्त्रज्ञांनी केरळात माशाच्या कालवणात पडणाऱ्या कुडंपुळीच्या सालीतील मुख्य आम्ल ओळखले. ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल होय. आपल्या कोकणातल्या कोकमाच्या सालीतही ते असते. दोन्ही झाडे एकाच कुळातली. पुढे चारच वर्षांत अमेरिकेत असे दिसून आले की शरीरातील पिष्ट पदार्थांचे चरबीत रूपांतर करणाऱ्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर हे आम्ल अडविते. १९७० च्या दशकात रोश या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग झाले. उंदीर कमी खाऊ लागले आणि त्यांची वजने आटोक्यात राहिली. एवढ्या भांडवलावर पुढच्या दोन दशकांत कुडंपुळीच्या गोळ्यांचा जगभर व्यापार उभा राहिला.

माणसांवरची काटेकोर परीक्षा झाली १९९८ मध्ये. न्यू यॉर्क येथे १३५ स्थूल व्यक्तींचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना कमी ऊर्जेचा, चोथायुक्त आहार दिला. एका गटाला रोज दीड ग्रॅम आम्ल मिळाले, दुसऱ्याला तसेच दिसणारे निरौषध. बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि निरौषध गटाचे ४.१ किलो. म्हणजे जे काही उतरले ते आहाराने. असे का व्हावे? पिष्टाची चरबी करण्याचा कारखाना उंदराच्या शरीरात जितका धडाक्याने चालतो, तितका माणसाच्या शरीरात सहसा चालत नाही. तळलेले खाणारा माणूस चरबी आयतीच मिळवितो. जो कारखाना मुळातच अर्धवट बंद आहे, त्याच्या दाराला कुलूप ठोकून उत्पादन कितीसे घटणार? एवढे होऊनही गोळ्यांची विक्री थांबली नाही, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र वैद्यकीय वाङ्मयात जमा होत राहिल्या. आमसुलाच्या सोलकढीला यातून कोणताही बट्टा लागत नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. जेवणातली चव आणि गाळून, घट्ट करून, गोळीत भरलेला अर्क या दोन भिन्न वस्तू आहेत.

गुग्गुळाची कथा याहून सभ्य, पण शेवट तितकाच बोधप्रद. सुश्रुताने मेदोरोगाचे जे वर्णन केले आहे, त्याचा आधार घेऊन १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ते काम पुढे नेले आणि १९८६ मध्ये गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काला रक्तातील मेद उतरविणारे औषध म्हणून भारतात मान्यता मिळाली. पोथीतले वाक्य घेऊन त्याची प्रयोगशाळेत शहानिशा करण्याची ही रीत आदर्श होती. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, काहींच्या अंगावर पुरळ उठले. भारतातील आधीच्या चाचण्या आणि ही चाचणी यांत विरोध का आला, याची चर्चा अजून चालू आहे. तोवर राजस्थान-गुजरातच्या कोरड्या टेकड्यांवरचे गुग्गुळाचे झुडूप चिरे पाडपाडून डिंक काढल्यामुळे 'अतिसंकटग्रस्त' वनस्पतींच्या जागतिक यादीत जाऊन बसले. चर्चा झाडासाठी थांबत नाही.

सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये वजन घटविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या वनौषधींच्या ५४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ४,३३१ व्यक्ती सहभागी होत्या. एकाच वनस्पतीचा, म्हणजे पांढऱ्या राजम्याच्या अर्काचा, परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला आणि तो होता सुमारे दीड किलोचा. रुग्णाच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही, असे संशोधकांनीच नमूद केले.

मग हे सारे संशोधन गुंडाळून ठेवावे काय? तसे मुळीच नाही. मधुमेहावर आज जगात सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध युरोपातील एका रानटी शेंगवर्गीय झुडपाच्या अभ्यासातून निघाले. त्या झुडपातला मूळ पदार्थ विषारी होता. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सौम्य भाऊबंद १९२२ मध्ये घडविला आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी तो मधुमेह्यांना देऊन पाहिला. झुडपाचा पाला उकळून प्यायल्याने हे साधले नसते, आणि झुडपाकडे कोणी पाहिलेच नसते तरीही साधले नसते. वनस्पती वाट दाखविते. चालावे आपल्यालाच लागते, आणि त्या चालीला पस्तीस वर्षे लागू शकतात. बाटली विकणाऱ्याला एवढा धीर नसतो.

आता आपल्या दारातल्या पिकाकडे येऊ. परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीकडे जाताना आणि पुढे अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूस जे पानमळे लागतात, त्यांत नागवेलीच्या जोडीने पानपिंपळी पिकते. पांगारा, शेवरी यांच्या आधाराने आणि सावलीत वाढणारी ही वेल; तिची न पिकलेली, कणसासारखी फळे हाताने खुडून उन्हात वाळवितात. बारी समाजाने पिढ्यानुपिढ्या जपलेले हे कसब आहे. सुंठ, मिरी व पिंपळी मिळून होणारे त्रिकटू वैद्य मेदोरोगात देत आले आहेत. पिंपळीतला तिखट अंश पिपरीन, आणि त्याच्यावर आज जगभर काम चालू आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या निबंधात असा विचार मांडला आहे की पिपरीन विश्रांतीत असलेल्या स्नायूंतील मायोसिन या प्रथिनाला जागे करते. त्यामुळे स्नायू बसल्या जागी अधिक ऊर्जा जाळतात. उंदरांत दिसलेल्या परिणामाचे हे चांगले स्पष्टीकरण आहे. परंतु तो प्रयोग स्नायूंच्या सुट्या तंतूंवर झाला होता. परतवाड्यातील कारकुनाचे स्नायू कार्यालयाच्या खुर्चीत असेच जागे होतील, हे अद्याप कोणी दाखविलेले नाही.

येथे थोडा हिशेब करून पाहू. असे समजा की उंदरावर दर किलो वजनामागे ५०० मिलिग्रॅम अर्काने परिणाम दिसला. लहान प्राण्याची मात्रा माणसाला लावताना नुसत्या वजनाचा गुणाकार चालत नाही. उंदराच्या बाबतीत रूढ नियमानुसार ती सुमारे बाराने भागावी लागते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे २.४ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम वाळलेल्या मालातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोज २४ ग्रॅम माल लागेल. एक लाख माणसांनी वर्षभर घेतला, तर ८७६ टन. बाजारातल्या गोळीत सहसा याचा काही अंशच असतो. म्हणजे एक तर गोळी निरुपयोगी आहे, किंवा ती उपयोगी करावयाची तर मालाची मागणी अशी चढेल की लागवड असलेल्या पिकात भावाचा भडका उडेल आणि रानच्या वनस्पतीत झाडाचा निकाल लागेल. हे आकडे गृहीतावर आधारलेले आहेत. पण गृहीत बदलून कोणीही विद्यार्थी आपल्या वहीत हा हिशेब पुन्हा मांडू शकतो, आणि कोणतीही बाटली घेण्यापूर्वी त्याने तो मांडावा.

पिंपळीचा एक गुण मात्र माणसांवर निर्विवाद दिसून आला आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिले असता हळदीतला हा पदार्थ रक्तात वीस पट अधिक उतरला. पिपरीन शरीरातील औषधे मोडणाऱ्या विकरांना अडविते. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने याच गुणाचा उपयोग करून क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी, दहा मिलिग्रॅम पिपरीनयुक्त कॅप्सूल तयार केली आणि ती बाजारात आली. हे खरे संशोधन. पण ज्या गुणाने एक औषध अधिक उतरते, त्याच गुणाने दुसरेही उतरू शकते. फिटचे, रक्त पातळ ठेवण्याचे वा रक्तदाबाचे औषध घेणाऱ्याने 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' या भरवशावर पिपरीनचा तीव्र अर्क डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचे आहे. भाजीत पडणारी चिमूटभर मिरपूड हा वेगळा विषय.

अर्क उद्या यशस्वी ठरला, तर अंजनगावच्या शेतकऱ्याला काय मिळेल, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला गोळीच्या गुणापेक्षाही अधिक सतावितो. पिंपळीला हमीभाव नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले खरे. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना त्या बंधनातून सूट दिली. पिंपळी चरकसंहितेत आहे आणि मळ्यातही आहे. म्हणजे दोन्ही दारांनी ती बाहेर. दक्षिण आफ्रिकेत सान जमातीचे लोक शिकारीच्या प्रवासात भूक मारण्यासाठी हूडिया नावाचे निवडुंगासारखे झाड चघळीत. तेथील सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात त्यावर पेटंट घेतले, मोठ्या कंपन्यांशी करार झाले, आणि ओरड झाल्यानंतर २००३ मध्ये सान लोकांशी लाभवाटणीचा करार झाला. पुढे फायझर आणि युनिलिव्हर या दोन्ही कंपन्यांनी अंग काढून घेतले. माणसांवरच्या चाचणीत खाणे कमी झाले नाहीच, उलट मळमळ आणि रक्तदाबवाढ दिसली. लाभच नाही, तर वाटणी कशाची?

याच्या उलट उदाहरण आपल्या पायथ्याशी आहे. अचलपूरजवळच्या पायविहीर या गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळविले, उजाड टेकडी राखली, आणि सीताफळे स्वतःच्या नावाने बाहेरच्या बाजारात विकली. सीताफळ काही वजन घटविणारे नव्हे! पण त्यातला पैसा गावात राहिला, कारण रान कोणाचे हे आधी ठरले होते. अर्काच्या व्यापारात हा क्रम नेमका उलटा असतो: आधी बाटली, मग पेटंट, आणि झालीच तर शेवटी मालकाची चौकशी.

चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार एकत्र केला आहे, ही गोष्ट आपल्या वादात सहसा विसरली जाते. स्थूलासाठी तो त्रिफळा, गुळवेल, ताक, मध सांगतो. पण त्याचबरोबर धान्यांची एक यादी देतो. त्या यादीत जव आहे, सावा आहे, कोद्रव आहे, मूग, कुळीथ आणि तूर आहे. आणि 'जूर्णाह्वा' आहे, जिचा अर्थ ज्वारी असा केला जातो. कोदो, कुटकी आणि सावा ही कोरकूंच्या शेतातली धान्ये, ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण हे वऱ्हाडचे ताट. ज्या ग्रंथाचे नाव बाटलीवर छापतात, त्याच ग्रंथातला हा भाग छापला जात नाही, कारण तो बाटलीत भरता येत नाही.

ताट बदलले ते कोणाच्या जिभेच्या चोचल्याने नव्हे. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, खरीप ज्वारीला भाव आणि राखणदार दोन्ही मिळेनासे झाले, सोयाबीनला रोख पैसा मिळाला. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येऊ लागले, त्यात पामतेल मोठे, आणि तळलेल्या पुडीची किंमत भाजीपेक्षा कमी झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, अगदी एकच. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या, वजनाने हलक्या बालकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे त्यांच्या अभ्यासातून दिसले. आईच्या पोटातली उपासमार आणि चाळिशीतले पोट ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, असा याचा अर्थ. मेळघाटातल्या गरोदर स्त्रीचे जेवण आणि परतवाड्यातल्या मधुमेह्याची गोळी ही दोन खाती सरकारदरबारी वेगवेगळी आहेत, म्हणून ती शरीरातही वेगळी असतात असे नाही.

वजन घटविणारी खरोखर गुणकारी औषधे आता आली आहेत. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ व्यक्तींवरील चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, निरौषध गटात २.४ टक्के. २०२५ मध्ये अशी इंजेक्शने भारतात वजनासाठी विक्रीला आली. अर्कांना यापुढे या मापाने मोजले जाईल, आणि त्यामुळे 'वनस्पती ती चांगली, रसायन ते वाईट' ही भाबडी विभागणी टिकणार नाही. अडचण आहे ती महिन्याच्या खर्चाची. ज्याला इंजेक्शन परवडत नाही तो बाटलीकडे वळतो, आणि नेमके येथे कायद्याने उभे राहावयास हवे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या परिशिष्टात ज्या व्याधींवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे, त्यांत लठ्ठपणा स्पष्ट नमूद आहे. सत्तरहून अधिक वर्षे हा कायदा पुस्तकात आहे. त्याची पळवाटही सोपी आहे: औषध न म्हणता 'आहारपूरक' म्हणावयाचे.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे औषधी वनस्पतींचे उद्यान आहे, अमरावतीत विद्यापीठ आहे, वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालये या दोन जिल्ह्यांतच आहेत. पिंपळीचे प्रमाणित चूर्ण घेऊन, निरौषध गट ठेवून, दोन-तीनशे स्थूल व्यक्तींवर वर्षभराची चाचणी करणे या संस्थांना मिळून अशक्य नाही. तीत तिसरा एक गट असावा: ज्याला गोळी काहीच द्यावयाची नाही, फक्त दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, तुरीचे वा मुगाचे वरण, पालेभाजी आणि मोजून तेल. हा तिसरा गट कोणत्याही कंपनीच्या खर्चाने होणार नाही, कारण त्याच्या यशातून विकण्यासारखे काही निघत नाही. म्हणूनच त्याचा खर्च सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे, आणि निकाल काहीही लागला तरी तो मराठीत, अंजनगावच्या बाजार समितीच्या फलकावर लावला गेला पाहिजे.